धन्वंतरी महालातील औषध आणि इंग्रजी दुकानातील बाटली

वाचकहो, आपल्या घरातील औषधांचे फडताळ एकदा उघडून पाहा. एका कोपऱ्यात सहाण असेल आणि तिच्याशेजारी एका लहानशा डबीत वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, मायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग अशी बाळघुटीची सामग्री असेल. दुसऱ्या कोपऱ्यात बाटल्या असतील : एखादी खोकल्याची, एखादी तान्ह्या मुलाच्या पोटदुखीची, एखादी जखमेवर लावण्याच्या औषधाची. शेजारी डोकेदुखीच्या मलमाची चपटी डबी असेल. डबीतील औषधांवर काहीही लिहिलेले नसते. कोणते मुळकूट किती वेढे उगाळावयाचे, हे घरातील वडीलधाऱ्या बाईच्या बोटांना ठाऊक असते. बाटलीवर मात्र पुष्कळ लिहिलेले असते. पण ते बारीक अक्षरांतील लिहिणे आपल्यापैकी किती जण वाचतात?

या दोन कोपऱ्यांवरून अनेक घरांत वाद होतो. आजीबाई म्हणतात, आमच्या वेळी बाटल्या नव्हत्या, तरी मुले वाढलीच ना? सूनबाई म्हणतात, दुकानातील औषध मोजूनमापून केलेले असते, त्यावर विश्वास ठेवावा. दोघींच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. परंतु औषध जुने की नवे, देशी की इंग्रजी, यापेक्षा एक निराळाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : हे औषध कशाचे बनले आहे, ते कोणाला दिले गेले आणि त्याचा परिणाम काय झाला, याची नोंद कोठे आहे काय?

हा प्रश्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळविण्यासाठी आपल्या राजवाड्याच्या आश्रयाने एक संस्थाच उभी केली होती. ते ठिकाण महाराष्ट्रात नाही. तमिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात, तंजावूर येथे आहे.

राज्य गेले, राजवाडा राहिला

तंजावूरला गेलेला प्रवासी बृहदीश्वराचे भव्य शिखर पाहून थक्क होतो आणि बहुधा तेथूनच परततो. मराठी वाचकाने मात्र आणखी थोडे चालून राजवाड्याच्या परिसरात जावे. मूळचा हा वाडा नायक राजांचा. सन १६७५-७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावूर हस्तगत केले आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे भोसले कुळाने तेथे राज्य केले. या कुळाचा इतिहास सन १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरातील भिंतीवर मराठी भाषेत कोरण्यात आला. राजवाड्यातील मराठा दरबाराचे रंगीत खांब आणि त्याच आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय ही त्या काळाची आजही पाहावयास मिळणारी खूण आहे.

या राजांपैकी दुसरे सरफोजी महाराज यांचा जन्म सन १७७७ मधला. तुळजाजी महाराजांनी सन १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गादीवरून तंटा माजला. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली बाल सरफोजींचे पाश्चात्य पद्धतीचे शिक्षण झाले आणि अखेर सन १७९८ मध्ये ते गादीवर आले. परंतु दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. महाराजांच्या सत्तेखाली किल्ल्यापुरते तंजावूर तेवढे राहिले.

सैन्य नाही, मुलूख नाही, वसुलीचा अधिकार नाही. अशा राजाने काय करावे? शिकार आणि नाचरंग यांत आयुष्य घालविणाऱ्या संस्थानिकांची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. सरफोजी महाराजांनी ग्रंथ जमविले, छापखाना काढला, शाळा चालविल्या, आणि औषधांची पारख करण्यासाठी ‘धन्वंतरी महाल’ नावाची संस्था स्थापिली. सन १८२६ मध्ये बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हा युरोपातील रसायनशास्त्रज्ञ आणि निसर्गशास्त्रज्ञ यांच्या ग्रंथांशी या राजाचा असलेला परिचय पाहून त्यांना मोठे आश्चर्य वाटले होते.

पारख आणि नोंद

धन्वंतरी महालाचे वैशिष्ट्य कोणते? पहिले हे की, तेथे एका पंथाचा हट्ट नव्हता. आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ मुलखातील सिद्ध वैद्य, युनानी हकीम आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर या सर्वांना तेथे स्थान होते. माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे तेथे तयार होत. औषधी वनस्पतींची हुबेहूब रंगीत चित्रे काढविण्यात आली. याचे महत्त्व सहज ध्यानात येणार नाही. एकाच वनस्पतीला मराठीत एक नाव, तमिळमध्ये दुसरे, संस्कृतात तिसरे आणि फारसीत चौथे. नावावरून घोटाळा झाला तर औषधाचे विष होण्यास वेळ लागत नाही. चित्र मात्र सर्वांना एकाच भाषेत बोलते.

दुसरे वैशिष्ट्य पारखीचे. परंपरेने चालत आलेला एखादा योग केवळ जुन्या पोथीत आहे एवढ्यावरून येथे मान्य होत नसे. वैद्यांनी तो रोग्यांवर वापरून पाहावा, गुण आला तर त्याची नोंद करावी, असा प्रघात होता. अनुभवास उतरलेले योग पुढे कवींकडून तमिळ पद्यांत बांधविण्यात आले. सामान्य माणसाला ते पाठ व्हावेत, हा त्यातील हेतू. महाराजांच्या ‘शरभेंद्र’ या नावावरून हा संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ओळखला जातो. ‘मुरै’ म्हणजे पद्धत किंवा रीत. नेत्ररोग, मधुमेह, खोकला आणि दमा, गर्भिणी व बालके यांचे विकार, अशा विषयवारीने त्याचे भाग सरस्वती महाल ग्रंथालयाने विसाव्या शतकात छापून प्रसिद्ध केले. राजा मराठी, वैद्य नाना प्रांतांचे आणि ग्रंथ प्रजेच्या भाषेत, ही गोष्ट आजही आपणांस काही शिकवून जाते.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे रोग्यांची टिपणे. सरस्वती महालात नेत्ररोग्यांविषयीची सुमारे पन्नास पाने जतन केलेली आहेत. रोग्याची तक्रार काय, डोळ्याची स्थिती कशी, कोणता उपचार केला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली असल्यास पुढे काय झाले, अशी माहिती त्यांत आहे. काही ठिकाणी विकार झालेल्या डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. मॅकबीन नावाचे युरोपीय डॉक्टर या कामात महाराजांचे साहाय्यक होते आणि महाराज स्वतः त्यात जातीने लक्ष घालीत. आपल्या काळातील नेत्रतज्ज्ञांनी ही टिपणे तपासून त्यांविषयी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आहे. रोग्याच्या खाटेशी लावलेला कागद आज आपणांस नित्याचा वाटतो. परंतु त्या काळी, एका देशी राजाच्या आश्रयाने, असे कागद तयार होत होते आणि जपून ठेवले जात होते, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

महाराजांची जिज्ञासा रूढीपुढे कशी वाट काढी, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. शरीररचना समजून घेण्यासाठी त्यांना मानवी सांगाडा हवा होता. परंतु प्रेताची हाडे राजवाड्यात आणणे धर्मसमजुतीत बसत नव्हते. तेव्हा त्यांनी हस्तिदंताचा सांगाडा मागविण्याचे ठरविले. समजूतही दुखावली नाही आणि विद्याही अडली नाही.

हे ज्ञान वाड्याच्या भिंतींत कोंडून राहिले नाही. तंजावूरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी एक. सन १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात महाराजांनी या छत्रांच्या कामाचे वर्णन केले आहे. तेथे केवळ जेवण मिळत नसे. आजारी पडलेल्या वाटसरूला वैद्य आणि औषध मिळे, गर्भवतीची सोय होई, तान्ह्या मुलांना दूध दिले जाई. राज्य गेलेल्या राजाने कंपनीला कळकळीने सांगितले ते हे, की या छत्रांना धक्का लावू नये.

बाटली आली

सन १८३२ मध्ये सरफोजी महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी महाराज सन १८५५ मध्ये औरस पुत्राशिवाय वारल्यावर कंपनीने तंजावूरचे राज्यच खालसा केले. धन्वंतरी महालाचे काम थांबले. कागद दप्तरांत बांधले गेले. आणि याच सुमारास आपल्या देशातील औषधांच्या जगात एक नवा गृहस्थ स्थिरस्थावर होऊ लागला. तो म्हणजे इंग्रजी औषधविक्रेता, ‘केमिस्ट’.

तंजावूरच्या बाजारात जुन्या काष्ठौषधींच्या दुकानाला ‘नाट्टु मरुंदु कडै’ म्हणतात. म्हणजे देशी औषधाचे दुकान. तेथे आजही वेखंड मिळते, त्याला ‘वसंबु’ म्हणतात. सुंठ म्हणजे ‘सुक्कु’, ओवा म्हणजे ‘ओमम’, हिरडा म्हणजे ‘कडुक्काय’, जायफळ म्हणजे ‘जादिक्काय’. मुलांना उगाळून द्यावयाच्या औषधांना तेथे ‘उरै मरुंदु’ असे नाव आहे. आपली बाळघुटी ती हीच. दिवाळीच्या पहाटे फराळापूर्वी चाटावयाचे सुंठ, मिरी, ओवा, गूळ आणि तूप यांचे लेह्य तमिळ घरांतून केले जाते. डबीच्या या जुन्या दुकानासमोर बाटलीचे नवे दुकान आले, तेव्हा लोकांनी त्याला ‘इंग्लिश मरुंदु कडै’ म्हटले.

या नव्या दुकानांचा थाट मोठा असे. मद्रासच्या माउंट रोडवर डब्ल्यू. ई. स्मिथ आणि कंपनी या औषधविक्रेत्यांनी सन १८९७ मध्ये मनोरे-घुमटांची जी प्रचंड इमारत उभारली, ती पुढे भारत इन्शुरन्स इमारत म्हणून प्रसिद्ध झाली. मुंबईकरांना केम्प्स कॉर्नर हा चौक ठाऊक आहेच. त्याचे नाव केम्प आणि कंपनी या औषधांच्या दुकानावरून पडले. अशा दुकानांत केवळ औषधे मिळत नसत. एप्सम सॉल्ट, एरंडेल, कॉड माशाच्या यकृताचे तेल, टिंक्चर आयोडीन, कार्बोलिक साबण, दंतमंजन, कोलनचे सुगंधी पाणी, केसांचे तेल, सोडावॉटर, तान्ह्या मुलांच्या अन्नाचे डबे असा सर्व संसार तेथे मांडलेला असे. साहेबांच्या बंगल्यावरून ही सवय वकील, मामलेदार, स्टेशनमास्तर यांच्या घरी आली आणि तेथून हळूहळू आपल्या फडताळात शिरली.

या दुकानाने आपणांस काही चांगल्या गोष्टी निःसंशय दिल्या. मोजमाप दिले, बुचाची स्वच्छ बाटली दिली आणि चमच्याचा हिशेब दिला. आपल्याकडे ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ हे शब्द होते. त्यांच्या जागी ग्रेन आणि औंस आले. तसेच क्विनाईनसारखे अमोल औषध याच मार्गाने आले. हिवतापावरील सिंकोना झाडाच्या सालीतून सन १८२० मध्ये फ्रान्समधील पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी क्विनाईन वेगळे काढले. सन १८६० च्या दशकात निलगिरीच्या डोंगरांत सिंकोनाची सरकारी लागवड झाली. सन १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीतून एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळू लागली आणि पुढे इतर प्रांतांनीही तो मार्ग स्वीकारला. त्या पुडीत काय आहे हे सर्वांस माहीत होते, तिचा गुण तपासलेला होता आणि ती गरिबाला परवडत होती.

बाटलीत काय होते?

दुर्दैवाने दुकानातील प्रत्येक बाटलीविषयी असे म्हणता येत नव्हते. जाहिरातीच्या बळावर खपणाऱ्या पुष्कळ औषधांचे घटक गुप्त ठेवलेले असत. लोक त्यांना ‘पेटंट औषधे’ म्हणत. वास्तविक पेटंट घ्यावयाचे तर कृती उघड करावी लागते आणि यांपैकी बहुतेकांचे मालक ती लपवीत. सन १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून एक पुस्तक प्रसिद्ध केले. जगभर नाव गाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत काय आढळले असेल? कोरफडीचा वाळविलेला रस, सुंठ आणि साबण! छप्पन गोळ्यांच्या एका डबीतील घटकांची किंमत अर्धा फार्दिंगही भरेना. डबी मात्र एक शिलिंग दीड पेनीला विकली जाई. कोरफडीचा हा वाळविलेला रस म्हणजे आपला काळा बोळ. तो आणि सुंठ आपल्या आजीच्या डबीत आधीपासून होतीच. आपल्या वडिलांनी ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण केली. येथे तर आपलीच सुंठ साता समुद्रांपलीकडून सुंदर वेष्टणात आपल्या दारी विकावयास आली होती.

तान्ह्या मुलांच्या ग्राइप वॉटरची गोष्टही अशीच उद्बोधक आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी सन १८५१ मध्ये ते तयार केले. त्याच्या मूळ कृतीत शेपेच्या बियांचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि त्याबरोबर सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क होता. शेपेचा गुण आपल्या घरांना नवा नव्हता. तिचे मराठी नावच बाळंतशेपा आहे. परंतु रडणारे मूल बाटलीतील चमचाभर औषधाने शांत झोपते, ते शेपेमुळे की मद्यार्कामुळे, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षे कोणी विचारला नाही. आज विकल्या जाणाऱ्या ग्राइप वॉटरमधून मद्यार्क वगळण्यात आला आहे. तरीही चिठ्ठी वाचल्याशिवाय चमचा भरू नये, हे उत्तम.

‘क्लोरोडाईन’ची हकिगत याहून गंभीर आहे. हिंदुस्थानातील सैन्यात काम केलेले डॉक्टर कॉलिस ब्राऊन यांनी पटकीवर म्हणून हे मिश्रण तयार केले. त्यात अफूचे सत्त्व, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क होता. त्याने कळ थांबे, जुलाब थांबत आणि झोप लागे. म्हणून ते घरोघरी गेले. परंतु पटकीत माणूस मरतो तो अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढण्याचे काम क्लोरोडाईन करीत नव्हते. उलट त्याची चटक लागून किंवा मात्रा जास्त होऊन जीव गमावल्याची उदाहरणे घडली.

तथापि, दोष केवळ परदेशी बाटलीला देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या डबीतही असे विष होते. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. आई पाळीवर असताना मूल झोपून राहावे म्हणून. सन १९२० च्या दशकात डॉक्टर महिलांनी केलेल्या पाहणीत हा प्रकार किती सर्रास चालतो ते उघडकीस आले. त्या मातांना दोष कोण देईल? पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, घरी दुसरे कोणी नव्हते. पण गोळीत नेमकी किती अफू आहे, हे ना आईला ठाऊक होते, ना विकणाऱ्याला. डबी काय, बाटली काय, जेथे नोंद नाही तेथे धोका आहे.

कायद्याची कसोटी

हळूहळू आपल्या लोकांनी हे नवे शास्त्र आत्मसात केले. सन १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन काढले. पुढे तो व्यवसाय मद्रासला गेला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या प्रयत्नांनी सन १९०१ मध्ये कलकत्त्यास बंगाल केमिकल कंपनी उभी राहिली. सन १९१० मध्ये मुंबईत झंडू कारखाना निघाला आणि आयुर्वेदीय औषधेही यंत्राने तयार होऊन बाटलीत भरली जाऊ लागली. अशा रीतीने डबी आणि बाटली यांतील अंतर कमी झाले. त्याबरोबर नकली मालही वाढला. सन १९३० मध्ये नेमलेल्या चोप्रा समितीने देशातील औषधांच्या शुद्धतेची चौकशी केली आणि अखेर सन १९४० मध्ये औषधविषयक कायदा झाला. चमत्काराची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा सन १९५४ मध्ये आला. सन १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय आणि युनानी औषधांच्या निर्मितीवरही देखरेख आली.

बाटलीवरील घटकांची नावे, परवान्याचा क्रमांक, गट क्रमांक, तयार केल्याचा महिना आणि मुदत संपण्याचा महिना, ही जी बारीक अक्षरे आपण दुर्लक्षितो, ती सहजासहजी मिळालेली नाहीत. त्यांच्यामागे अनेक मुलांचे प्राण आहेत. धन्वंतरी महालातील टिपणांमागे जी वृत्ती होती, तीच या अक्षरांमागेही आहे.

ज्याची कृती उघड आहे असे औषध

पटकीचा उल्लेख वर आला आहे. त्या रोगावरील खरे सोपे औषध कोणते निघाले, ते पाहण्यासारखे आहे. सन १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धामुळे लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेवाटे देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजण्याचे ठरविले. नातेवाईकांनीच ते पाजले. रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते. हा उपचार घेतलेल्यांत ते शेकडा चारच्याही खाली आले.

आज त्या औषधाची पुडी औषधांच्या प्रत्येक दुकानात ‘ओआरएस’ या नावाने मिळते. एक लिटर पाण्याच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते, आणि हे सर्व तिच्यावर छापलेले असते. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे आणि डॉक्टरकडे जाण्याची तयारी करावी. त्यात कोणतेही गुपित नाही आणि जाहिरातीतील चमत्कार नाही. कृती उघड, मात्रा ठरलेली, परिणाम नोंदलेला. सरफोजी महाराजांच्या वैद्यांना हे औषध निश्चित आवडले असते.

आपल्या घरातील धन्वंतरी महाल

तर वाचकहो, आजीबाई आणि सूनबाई यांच्या वादात आपण कोणाची बाजू घ्यावी? दोघींनाही एकाच कसोटीस लावावे. घरात एक साधी वही करावी. आजीला ठाऊक असलेले उपाय तिच्याच तोंडून त्या वहीत उतरवून घ्यावेत : कोणते मुळकूट, किती वेढे, कोणत्या वयाला, कशासाठी, आणि कोणाला देऊन काय झाले. पुष्कळ घराण्यांत पूर्वी अशी बाडे असत. ती मोडी लिपीत असल्यामुळे आज घरातील कोणालाच वाचता येत नाहीत आणि रद्दीत जातात. तंजावूरच्या दप्तरांतील मोडी कागद वाचणारेही आता थोडेच उरले आहेत. आपल्या घरी असा कागद असेल तर तो टाकू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

उतरवून घेतलेला प्रत्येक उपाय अमलात आणलाच पाहिजे असे मात्र नाही. वही डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवून विचारावे. काही उपाय ते आनंदाने मान्य करतील. काहींवर काट मारतील, आणि ती काट आपण मोकळ्या मनाने स्वीकारली पाहिजे. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की, पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये. घुटी नाही, मध नाही, वरचे पाणीही नाही. वर्षाच्या आतील मुलाला मध देणे तर अपायकारक ठरू शकते. बाजारातील सुरम्यात शिसे असल्याचे अनेकदा आढळले आहे; तो मुलांच्या डोळ्यांत घालू नये. हे ऐकून घरातील वडीलधाऱ्या बायकांना वाईट वाटण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या काळच्या उत्तम ज्ञानाप्रमाणे मुले वाढविली. पारखून पाहिलेले ठेवावे आणि न टिकलेले सोडावे, हीच तर आपली जुनी रीत आहे.

बाटलीच्या बाबतीतही असेच. घटक वाचावेत, मुदत पाहावी, शेजारणीच्या मुलाला गुण आला म्हणून तीच बाटली आपल्या मुलाला देऊ नये, जुनी उघडी बाटली जपून ठेवू नये, आणि ‘सर्व रोगांवर एकच औषध’ असे म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

तंजावूरला जाण्याचा योग आला तर राजवाड्यातील सरस्वती महालाला अवश्य भेट द्यावी. सन १९१८ पासून हे ग्रंथालय जनतेसाठी खुले आहे. चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते तेथे आहेत. ताडपत्रे आहेत, मराठी पोथ्या आहेत, मोडीची दप्तरे आहेत. ज्या राजाचे राज्य गेले, त्याने आपल्या रोग्यांचे कागद जपून ठेवले. आणि सैन्ये नाहीशी झाली तरी ते कागद दोनशे वर्षे टिकले. आपल्याकडे राजवाडा नाही. पण फडताळ आहे, वही आहे आणि विचारण्याची जीभ आहे. पुढच्या वेळी मुलाला औषध देण्यापूर्वी डबी असो वा बाटली, आपण एवढेच विचारावे : यात काय आहे, किती द्यावयाचे, आणि हे कोणी पारखले आहे?